उपासाला चहा चालतोय की

कोल्हापुरात जेवढे म्हणून संशय जन्माला येतात, ते आधी आमच्या समोरच्या वहिनींच्या उंबऱ्यावर माथा टेकतात आणि मगच गावात फिरायला निघतात, असं माझं ठाम मत आहे. दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून घेतलेलं दूध, त्यातही वहिनींना पाणी दिसायचं. गवळी बिचारा शपथा घ्यायला लागला, तर म्हणाल्या, "दुधात न्हाय घातलंस, पर सकाळी म्हशीला जास्त पाजलंयस." आता यावर म्हशीनं तरी काय बोलावं?

अशा बाईच्या दारासमोर राहून मी, ख्रिस्ती घरातली बाई, लेंटचे उपास करत आले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमचे चाळीस दिवस. वहिनींना ते मुळातच पटायचे नाहीत. साबुदाणा नाही, वरी नाही, उलट कांदा-लसणाची आमटी ओरपून ही बाई उपास म्हणवते! "मटण सोडलं म्हंजे उपास व्हय? मग आमचा अख्खा श्रावण उपासच की," म्हणायच्या, आणि तरी माझ्या काळजीनं खिचडीचा डबा आणायच्या. आणून, मी ती खरंच खाते का ते बघत समोर बसायच्या.

एका वर्षी मी चहा सोडला. दात गेल्यावर मटण सोडण्यात कसला आलाय त्याग? सोडायचं तर जिवाला लागेल असं सोडावं. आणि आमच्या शास्त्रात आहे, उपास करताना तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, लोकांना कळू देऊ नये. म्हणून वहिनींना सांगितलं नाही. पण दुपारचा चहा आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडे घेणाऱ्या. रोज मी नको म्हणायची, आणि त्या कधी दुधाचा वास घ्यायच्या, कधी पावडर बदलायच्या, कधी कोण काय कान भरून गेलं त्याचा तपास करायच्या. तेवढ्यात रविवार आला. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी आम्हाला उपास नाही. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात मी मजेत चहा घेतेय, आणि वहिनी भाजीची पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभ्या.

संध्याकाळी आल्या. बसल्या नाहीत. "अक्का, माझ्या घरचाच चहा चालंना व्हय तुला?"

आवाज नेहमीचा नव्हता. मी लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हा आमच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप काढणारी घरं होती. वहिनींनी पहिल्याच दिवशी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला होता. मग कसली गुप्तता राखते? सगळं सांगितलं.

"पर उपासाला चहा चालतोय की," त्या म्हणाल्या. "आन् मला का सांगितलं न्हाईस?"

"दिखावा होतो म्हणून."

"म्हंजे तुमच्या देवाला बी माणसांचा संशय हाय तर." आणि पहिल्यांदाच त्यांना माझा देव पसंत पडल्यासारखा दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कपात नुसतं कोमट पाणी आणलं, अर्धं बशीत ओतून मला दिलं, उरलेलं स्वतः प्यायल्या. "मी काय उपास धरला न्हाय. पावडर संपलीया," म्हणाल्या. ईस्टरपर्यंत ती संपलेलीच होती. डबा फळीवर होता, पण मी उघडून बघितला नाही. संशय घेणं हे त्यांचं काम.

आता त्या कागलकडं लेकाजवळ असतात. यंदाही मी चहा सोडलाय. तोंड धुते, तेल लावते, कुणाला कळू देत नाही. पण लपवायचं तरी कुणापासून? समोर कुणी संशय घेणारंच नाही.