टीव्हीची हळद

आमच्या भाकरीलाही तंबाखूचा वास यायचा. निपाणीत वखारीवर जाणाऱ्या बायकांच्या घरात तो असतोच. वडील, आमचे आप्पा, गेले तेव्हा माझी थोरली बहीण आक्का शाळेत होती. त्यानंतर ती आईबरोबर तंबाखूच्या वखारीत बसायला लागली. पानाची काडी वेगळी काढायची, पाला झाडायचा, दिवस मावळला की खोकत घरी यायचं. पुढं आईही गेली. भाकरी असली तर तोंडी लावायला कोरड्यास नसायचं. आक्काला स्थळं आली नाहीत असं नाही. "आधी ह्याची शाळा," असं माझ्याकडं बोट दाखवून म्हणत तिनं ती परत पाठवली, आणि पुढं ती यायचीच बंद झाली.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. हे मी अजूनही सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. वखारीच्या दिवाणजींच्या घरी तो आला होता. रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतली माणसं त्यांच्या खिडकीबाहेर उभी राहून सिनेमा बघायची. आत या असं कुणी म्हणत नव्हतं, आम्हीही जात नव्हतो. एकदा आक्का कामावरून तशीच आली आणि गजाला धरून उभी राहिली. आतून दिवाणजींच्या बाईंचा आवाज आला, "तंबाखूचा वास येतोय हो, लावा ती खिडकी." खिडकी लागली. आक्का वाटेत एवढंच बोलली, "त्यांच्या पैशालाबी तंबाखूचाच वास हाय की. त्यो येत न्हाय व्हय त्यास्नी?" मग घराच्या दारात आल्यावर म्हणाली, "आता बघायचा तर आपल्या घरात बसून."

ती पुन्हा कधी त्या खिडकीशी गेली नाही.

पदवी घेऊन मी बेळगावात बरीच ऑफिसं हिंडलो. काम मिळालं ते तिथल्याच शहापुरात, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. मालक म्हणाले, "डिग्री पेटीत ठेव. हात दाखव." माझ्या हाती त्यांनी जुन्या टीव्हींची तोंडं दिली. तोंड म्हणजे पुढची प्लास्टिकची चौकट. पांढरी असते, वर्षं गेली की पिवळी पडते. ती सोडवून साबणाच्या पाण्यात ठेवायची, बारीक पॉलिश पेपर भिजवून घासायची, मग दातांची पावडर, शेवटी पितळेचं पॉलिश आणि मऊ फडकं. मी जोर लावला की मालक कानडीवर यायचे, "स्वल्प, स्वल्प!" थोडं थोडं. पिवळेपणा वरच्या पापुद्र्यात असतो, रागानं घासलं तर चरे पडतात. मी तेव्हा रागातच असायचो.

कुणीतरी रंगीत टीव्ही घेतला आणि जुना दुकानात टाकून गेला. मालक म्हणाले, "चित्र येतंय, तोंड तेवढं गेलंय. घेऊन जा आक्काला." मी तो वाकळेत गुंडाळून एसटीनं निपाणीला आणला.

आक्का तेव्हा वखारीला जात नव्हती. धुरळा छातीत बसलाय, आता घरातच राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात वीजही नव्हती, मीटरसाठी अर्ज दिला होता. मीटर आधी येतो की आक्का आधी जाते, ही धास्ती मला लागली. ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

वाकळ सोडली तशी शेजारची मावशी दारात आली. तिची जीभ आधीपासून तिखट. "आगं बया, तुमच्या घरात हळद लागली म्हणायची! ती बी ह्या डब्याला?"

माझं डोकं फिरलं. आक्का मात्र हसली, हसता हसता खोकली. "लागू दे की. उतरवायला भाऊ हाय माझा."

तेव्हापासून आमच्यात तोच शब्द झाला. मी रविवारी यायचो, चौकट मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायचो. ती खाटेवरून विचारायची, "किती उतरली रं?"

एका रविवारी आलो तर स्टेशन बदलायचं बटण वेगळंच दिसलं. पांढरं, पण राखेनं घासलेल्या पातेल्यासारखं मंद. वरचे आकडे गायब.

"आक्का, आकडे कुठं गेले?"

"कसले आकडे? मळ हुता त्यो."

वखारीच्या बायका हाताचा तंबाखूचा डाग चिंच आणि राख लावून काढतात. तिनं तेच केलं होतं. मी कपाळावर हात मारला.

"एकच टेशन लागतंय म्हणलास न्हवं? मग आकडे कुणाला दावायचे?"

मी दातांची पावडर घेतली आणि त्या बटणाला जमेल तेवढी चकाकी आणली.

मीटर आला. पत्र्यावर कळकाला अँटेना बांधली. तोवर आक्काला भिंतीला टेकून बसणंही जड झालं होतं. मी पाठीशी वाकळ लावून तिला खाटेवर बसवलं. ती म्हणाली, "दार सताड उघड. कुणाला भाईर उभं करू नगंस."

माणसं आत आली, मावशीही आली आणि खाली बसली. चित्र लागलं. आक्का चित्राकडं कमी आणि चौकटीकडंच जास्त बघत होती. मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"कानामागं ऱ्हायलीया बघ."

स्पीकरच्या जाळीजवळच्या कोपऱ्यात थोडं पिवळं राहिलं होतं. तिथं पेपर पोचत नव्हता. नवरीच्याही कानामागची हळद निघायला दिवस लागतात.

"काढतो पुढच्या रविवारी."

"असू दे," ती म्हणाली.

सिनेमा संपायच्या आत तिला झोप लागली. मी आवाज बारीक केला, पण कुणी उठलं नाही.

पुढचा रविवार तिला मिळाला नाही. मावशीनंच तिला आंघोळ घातली. बाहेर आली ती हात पुसत. एवढंच म्हणाली, "बोटांवरचा डाग न्हाय रं निघाला. लई घासली."

मला नंतर सरकारी नोकरी लागली, पक्कं घर झालं, टीव्हीही बदलले. ते सगळं झालं, ठीक आहे. पण आमच्या घरानं काय मिळवलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो: माझ्या आक्कानं आपल्या घरात, दार उघडं ठेवून, खाटेवर बसून टीव्ही बघितला.