मालकीणबाईंच्या मशीनवर माझी रेकॉर्ड

पनवेलच्या आमच्या घरमालकिणीला दुसऱ्या कुणाचा आवाज खपत नसे. तिचा स्वतःचा आवाज मात्र सकाळपासून घरभर फिरत असायचा. खाली आम्ही चार बिऱ्हाडं, वर ती एकटी. कुणी बादली आपटली, कुणाच्या कुकरची शिट्टी जरा लांबली, की कठड्यावरून आरोळी यायची, "कोन मेलं काय तिकडं?" तोंडावर आम्ही तिला मालकीणबाई म्हणायचो आणि पाठीमागे नुसतं 'ती'. इथंही मी 'ती'च म्हणणार आहे. चाळीस वर्षं झाली तरी तिला मान द्यायला माझी जीभ वळत नाही.

ती खाडीकाठच्या गावातली, मिठागरवाल्या घरातली. नव्या शहरासाठी जमीन गेली, त्याच्या आधीच नवरा गेला होता. आलेल्या पैशांतून तिनं हे घर बांधलं. मुलगा आखातात होता. एका सुट्टीत त्यानं तिला रेकॉर्ड प्लेअर आणून दिला. ती त्याला 'मशीन' म्हणायची. मशीनवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची परडी. रोज सकाळी ती परडी उचलून मशीन पुसायची आणि परडी पुन्हा ठेवायची. घरात रेकॉर्ड एकही नव्हती.

रेकॉर्डी माझ्याकडे होत्या, दोन. परवा माझ्या मुलीनं हौसेनं नवा प्लेअर आणला आणि विचारलं, "आई, तू पहिली रेकॉर्ड कोणती घेतलीस?" मी म्हटलं, भावगीतांची. ते अर्धंच खरं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत टायपिंगची कामं करून मी बाजारातल्या रेडिओच्या दुकानातून एकाच दिवशी दोन रेकॉर्डी घेतल्या. भावगीतांची घरी दाखवायला, आणि लावण्यांची माझ्यासाठी. दुसरी मी गादीखाली ठेवली. आमच्याकडे प्लेअर नव्हता, पण वर होता.

"मालकीणबाई, एक गाणं लावू का तुमच्या मशीनवर?" असं मी एका शनिवारी दुपारी जाऊन विचारलं. तिनं भावगीतांची रेकॉर्ड हातात घेतली, ताट घासल्यावर बघतात तशी दोन्हीकडून बघितली.

"प्लेट तुजी, मशीन माजी. मी सांगीन तवा थांबायचं."

पहिल्या गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं नसेल, तेवढ्यात ती म्हणाली, "ही बाई गाते का रडते? काड ती."

मी काढली. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच, फक्त शिवी नवीन. पावसाळा संपेपर्यंत मला त्या रेकॉर्डची दुसरी बाजू कशी आहे ते कळलं नव्हतं.

मग एकदा आई बाहेर गेलेली बघून मी लावण्यांची रेकॉर्ड वर नेली. पहिली बाजू संपली, तिनं हातानं खूण केली, मी उलटी लावली. तीही संपली. रेकॉर्ड पोटाशी धरून मी खाली आले ते जिंकल्यासारखी.

त्याच संध्याकाळी ती जिना उतरून प्रथमच आमच्या दारात आली आणि माझ्या बाबांना म्हणाली, "भाऊ, तुमची पोरगी तमाशाची गानी आनते. लक्ष हाय का तुमचं?"

बाबा कधी ओरडत नसत. त्यांनी मला रेकॉर्ड आणायला लावली आणि माझ्याकडे न बघता तिच्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा. आमच्या घरात नको."

तिनं ती काखेत मारली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर वरून लावणी सुरू झाली. दार सताड उघडं, आवाज पूर्ण. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि मग रोजच. आई खिडकी लावून घ्यायची. मी पुस्तक समोर धरून बसायची आणि रडायची. शेवटी वर गेले.

"ती माझी आहे."

"तुज्या बापानं दिली मला. आता माजी," ती म्हणाली. "खाली ऐकू येतं ना? मंग झालं की."

शेजारच्या काकूंचं म्हणणं असं, की ती तुझ्यासाठीच लावते. मला ते पटलं नाही. 'मंग झालं की' म्हणताना ती कशी हसली ते काकूंनी बघितलं नव्हतं.

दोन वर्षांनी बाबांनी रोडपालीला घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी मी किल्ली द्यायला वर गेले. ती मागच्या गॅलरीतून टेंपोवाल्याच्या अंगावर ओरडत होती. रेकॉर्ड मशीनवरच होती. मी केसांतली पिन काढली आणि रेकॉर्डवर एक रेघ ओढली. मुद्दाम, दाबून. टेंपोत बसल्यावर मला फार बरं वाटलं. रोडपाली येईपर्यंत वाटत राहिलं.

महिन्याभरानं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र जुन्या पत्त्यावर आल्याचं कळलं. ते घ्यायला गेले. जिन्याशीच लावणी ऐकू आली. मधेच गाणं अडकलं. तेच दोन शब्द, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग पाय घासत चालल्याचा आवाज, सुई टेकल्याचा ठक्क, आणि गाणं पुढं निघालं.

दारात गेले तेव्हा ती मशीनजवळ भिंत धरून उभी होती. तिचे गुडघे खूप सुजले होते. खाटेपासून तिथपर्यंत दहा पावलं असतील.

"आलीस?" ती म्हणाली. "बघ. दोन बोटं पुडं सरकवली का गाते परत. येवढाच जोर व्हता तुज्यात?"

भिंत धरतच ती खाटेकडे परतली. तिनं उशीखालून पत्र काढून दिलं. "बस. दुसरी बाजू हाय अजून."

"बस आहे माझी," मी म्हटलं.

तिला मी पाहिलं ते शेवटचं. अर्धा जिना उतरले असेन, वर गाणं पुन्हा अडकलं. मी थांबले. खाट करकरली. एक पाऊल, मग बऱ्याच वेळानं दुसरं. बस गेली तर जाऊ दे म्हणून मी कठडा धरून उभी राहिले, आणि सुई पुढं सरकेपर्यंत तिथून हलले नाही.