वारुळावरचा हिरवा सुतार

राधानगरीकडच्या त्या मुक्कामाविषयी मी आजवर फक्त पक्ष्यापुरतंच सांगत आलो. हौसाचं नाव टाळलं. आता टाळायलाही फारसे दिवस उरलेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी कोल्हापुरात शिक्षक होतो. सुतार पक्षी म्हणजे खोड ठोकणारा, एवढंच आपल्याला ठाऊक. मला मात्र जमिनीवर उतरून मुंग्या खाणारा हिरवा सुतार पाहायचा होता. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारीने राधानगरीला उतरलो. धरणापलीकडच्या वाडीत तातोबा नावाच्या शेतकऱ्याने पडवीत जागा दिली. त्याच्या परड्यातच (घरामागच्या मोकळ्या जागेत) वारूळ होतं. नागपंचमीला तिथे दूध वाहत; एरवी कोणी हात लावत नसे.

सकाळी पक्षी आला. हिरवी पाठ, पोटावर माशासारखे खवले, डोक्यावर लाल टोपी. उड्या मारत वारुळाशी यायचा, चोचीने माती उकरायचा आणि लांब चिकट जीभ भोकात सोडायचा.

तातोबाची सून हौसा माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) घेऊन आली.

"पावणं, पाखरू बघून पोट भरतंय व्हय? गार व्हाय लागलंय की!"

वाळवीने माझं धोतर खाल्लं. घराचे वासेही पोखरले होते. यजमानांचे उपकार फेडावेत म्हणून, कोणालाही न विचारता, ढेकणांसाठी आणलेली पांढरी पावडर मी वारुळात ओतली. दुसऱ्या दिवशी वाळवीबरोबर अर्धमेल्या मुंग्याही वर आल्या. सुताराने त्या भराभर वेचल्या आणि मी खुशीत पाहत बसलो.

पुढच्या सकाळी तो तिथेच कुशीवर पडला होता. जीभ बाहेर. काळ्या डोक्याची मादी आंब्यावरून ओरडत होती.

"वारुळाला कोण शिवलं?" हौसाची सासू कडाडली. "हीच! इटाळशी, बाहेरची आसताना तिकडनं शेण आणाय गेलती. आता देव कोपला!"

"मी गेलोच न्हाय तिकडं," हौसा म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "पावणं, तुमी दिसभर हितंच हुता की. सांगा की ह्यास्नी!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. देवाच्या वारुळात विष मी घातलं, हे तोंडातून फुटेना.

"माझं लक्ष पक्ष्याकडे होतं," मी म्हणालो.

तातोबा तिला माहेरी, नेसरीला पोचवायला निघाला. मीही त्याच दिवशी परत निघालो; कोल्हापूरपर्यंत आमची मोटार एकच. बाहेर उन्हाने करपलेले माळ मागे पडत होते. ती पुढच्या बाकावर, मांडीवर गाठोडं. वाटेत एकदा मागे वळली.

"त्येची पिल्लं आसतील न्हवं वो झाडात?"

"जगतील," मी म्हणालो. तेही खोटंच.

कोल्हापुरात उतरून ती सासऱ्यामागून गडहिंग्लजच्या मोटारीकडे चालू लागली. ती पुन्हा नांदायला आली नाही, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी थोडं अंतर तिच्या मागे गेलो होतो. जे बोलायचं होतं, ते तेव्हापासून तसंच राहून गेलं आहे: हौसाबाई, पावडर मी टाकली. तुम्ही वारुळाला शिवला नव्हतात. मला माफ करा.