पर्सचं बटण

सायकलच्या चाकात काळा दोरा बांधलेला दिसला की मला बाभुळगावचा रस्ता आठवतो. माझ्या दोस्ताच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, सायकल चालवा, पण ताशी पंधराच्या वर गेलात तर खैर नाही. म्हणून त्यानं हँडलला मीटर बसवलं. मीटर पंधरा दाखवायचं आणि आम्ही असे रांगायचो, की बैलगाड्या सोडाच, शेताच्या धुऱ्यावरची बाभळीची झाडंसुद्धा आम्हाला मागं टाकून जायची. "मीटर सटकलं बे," मी म्हटलं. त्याच्या अंगणात सायकल उलटी केली. चाकाचं माप बरोबर, सेन्सर बरोबर. मग चाकाच्या तारांमध्ये मीटरच्या चुंबकासमोर दुसरं चुंबक दिसलं, काळ्या दोऱ्यानं बांधलेलं. चाकाचा एक फेरा दोनदा मोजला जात होता. खुंटीवर वहिनींची पर्स आ वासून लटकत होती, तिचं चुंबकाचं बटण गायब. "तूच लावलं काय वं?" त्यानं विचारलं. वहिनी भाकर थापत म्हणाल्या, "तुमाले पंधरा सांगतलं का तुमी वीसनं जाता. मले मालूम नाई काय?" मी दोरा तोडायला गेलो तर त्यानं माझा हात धरला. "राहू दे बे." पुढच्या उन्हाळ्यात तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला, ताशी शून्याच्या वेगानं. सायकल वहिनींनी मला दिली. आता मीटर तीस दाखवतं, मी गावभर चाळीस सांगतो, आणि दोरा कुजला की नवा बांधतो.