सुंदररावांनी मोकळा ठेवलेला भराव

तंजावरचं राज्य खालसा झालं तेव्हा सुंदरराव एकवीस वर्षांचे होते. वडील राजाच्या पागेवर होते. हत्ती, घोडे, पालख्या सगळ्यांचा लिलाव झाला. कुणी बोली लावत नव्हतं अशा चार बैलगाड्या सुंदररावांनी घेतल्या आणि ते कुंभकोणमला येऊन राहिले. वीस वर्षांत चाराच्या साठ झाल्या. नाचियार्कोविलच्या समया असोत की नदीकाठचं भात, नागपट्टणमच्या बंदराला माल जायचा तो त्यांच्याच गाड्यांतून.

मग मद्रासहून दक्षिणेकडे येणारा लांबचा लोहमार्ग गावावरून जाणार असं ठरलं. रुळांखालचा भराव घालायला कंपनीला माती वाहणारा ठेकेदार हवा होता. सुंदररावांनी तो ठेका घेतला. भाताचे व्यापारी वरदराज त्यांचे भागीदार झाले.

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय," वरदराज म्हणाले. "आगगाडी आली की बंदरापर्यंत बैलगाडीनं माल कोण नेणार?"

"ती येणारच. मग आपल्याच हातची येऊ दे," सुंदरराव म्हणाले. "गावागावांतून स्टेशनापर्यंत माल कोण आणणार, ते सांगा बघू."

काम जोरात सुरू झालं. चैत्रात भराव तिरुविडैमरुदूरच्या शिवारात पोचला. तिथं शिवकामी नावाची एक विधवा शेतकरीण गाड्यांपुढे येऊन उभी राहिली. तिच्या पायाशी एक कोरडी, गवताळ खोलगट जागा होती.

"हा आमचा वाय्क्काल, पाण्याचा पाट," ती तमिळमध्ये म्हणाली. "आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, कावेरीचं पाणी इथूनच येतं. बुजवलात तर पलीकडं रोप जळेल, अलीकडं कुजेल."

सुंदररावांनी गाड्या थांबवल्या आणि इंजिनिअर साहेबाला बोलावून आणलं. साहेबानं नकाशा उलगडला. त्यात पाट नव्हता.

"वाळलेल्या चरासाठी मी पूल बांधू?" तो म्हणाला. "पंधरवड्यात भराव पुरा झाला नाही तर दुसरा ठेकेदार बघतो."

शेजारी उभ्या वरदराजांनी हळूच मित्राचा अंगरखा ओढला. साठ गाडीवानांची घरं सुंदररावांच्या जिवावर चालली होती. पण शिवकामी अजून तशीच उभी होती, हात न जोडता, नुसती वाट बघत.

"साहेब, दोन्ही बाजूंचा भराव मी मुदतीत पुरा करतो," ते म्हणाले. "मधली वीस हात जागा आडीपर्यंत मोकळी ठेवा. पाणी आलं नाही तर ती मी फुकट भरून देईन."

साहेबानं डोकं खाजवलं आणि होकार दिला. पण ठेका धोक्यात घातला म्हणून त्या दिवसापासून वरदराज सुंदररावांशी बोलेनात.

आडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आधी फेसाळ, गढूळ धार आली, दुपारपर्यंत त्या खिंडारात गुडघाभर पाणी झालं. साहेब बूट हातात घेऊन भरावाच्या कडेला उभा होता. त्यानं खिंडाराची लांबीरुंदी मोजायला सांगितलं, आणि महिन्याभरात तिथं विटांची कमान बांधायला सुरुवात झाली.

पण पुढच्या टप्प्याचा ठेका सुंदररावांना मिळाला नाही. कंपनीला वाद न घालणारा माणूस मिळाला होता. शिवाय रेल्वे सुरू झाली तशी बंदराची वाहतूकही गेली. वीस गाड्या विकाव्या लागल्या. बैल जाताना सुंदरराव गोठ्यात थांबले नाहीत.

उरलेल्या चाळीस गाड्या त्यांनी स्टेशनाला जोडल्या. पहिल्या वर्षी निम्म्या नुसत्याच उभ्या राहायच्या. माघात एका सकाळी वरदराज दारात आले. किती महिन्यांनी आले होते ते दोघांनाही ठाऊक होतं.

"तिरुविडैमरुदूरकडचं, त्या पाटाखालचं भात विकत घेतलंय. यंदा दाणा चांगला भरलाय," ते खाली बघत म्हणाले. "स्टेशनापर्यंत आणायला बारा गाड्या लागतील."

"पंधरा घ्या," सुंदरराव म्हणाले. "आणि आत या, कॉफी होतेच आहे."