पुलियाची जाळी

भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, एवढ्यावरच मला हायसं वाटलं. मी रस्ते बांधणारा माणूस, पण पाण्याला भितो. नदीचे, शेतीचे, जंगलाचे अभ्यासक आणि रस्त्यांचा मी, अशा आम्ही मिळून संगणकावर एक नकाशा उभा केला होता. रस्ता झाला की पाणी कुठे वळतं आणि वळलेलं पाणी रस्ता कुठे खातं, हे तो दाखवायचा. त्यात कलियासोत नदीला मिळणारा एक नाला होता. त्याच नाल्याकाठच्या कारखान्याच्या वसाहतीत, तळमजल्यावर, माझी धाकटी बहीण मीनल राहते. मोजमापं तपासायला मी तिच्याकडेच उतरलो.

सकाळी पोहे आणि जिलबी एकाच ताटलीत आली. इथे तशीच खातात, आणि छान लागते. नंतर मीनलचे यजमान सुधाकरराव मला नाल्याकडे घेऊन गेले. जुन्यावर नवा थर देत देत वसाहतीचा रस्ता एवढा उंच झाला होता, की क्वार्टरच्या अंगणात दोन पायऱ्या उतरावं लागे. नाला त्या रस्त्याखालच्या पुलियातून (मोरीतून) पुढे जातो. आमच्या नकाशात ती मोकळी होती. इथे तिच्या तोंडावर लोखंडी जाळी, आणि जाळीत फांद्या, पिशव्या, फाटकी गादी.

घरी येऊन मी नकाशात पुलिया बंद केली आणि जोराचा पाऊस पाडला. रस्त्याचा बांध झाला. पहिलं घर बुडालं ते मीनलचं.

शेजारी तिवारीजी वसाहतीच्या समितीचे प्रमुख. मी त्यांना जाळी काढायला सांगितलं.

"हटा तो दें, भाईसाहब," ते म्हणाले, "पर पिछली बारिश में मगर यहीं से घुसा था. इन्हीं के आँगन में बैठा मिला."

मी मीनलकडे पाहिलं. तिची चार वर्षांची लेक चिऊ तिच्या कडेवर होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असतास का, दादा?"

नसतो आलो. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी माझ्याच हट्टामुळे जाळी निघाली. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. मी पाय वर घेऊन पलंगावर बसलो होतो आणि चिऊ मला हसत होती. पाणी पुलियातून निघून गेलं, घर कोरडं राहिलं. पण मीनल सारखी दाराची फट बघत होती.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. इटारसीला तिचा फोन आला.

"दादा, जाळी परत बसवली."

"कोणी?"

"मीच बसवायला लावली. पाणी येताना दिसतं रे. मगर दिसत नाही."

मी ओरडलो, रागावलो, पाऊस आला की चिऊला घेऊन वरच्या मजल्यावर जा म्हणालो. ती हो म्हणाली, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं.

पुण्याला येऊन मी आमच्या नकाशात ती पुलिया कायमची बंद केली. सोबत्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, मगर. कोणी हसलं नाही. नदी आणि रस्ता आम्ही मोजले होते. मधल्या माणसाला कशाची भीती वाटते, हे कोणी विचारलंच नव्हतं. आता भोपाळला पाऊस म्हटलं की मी मीनलला फोन लावतो, आणि ती उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.