लिपलेली नोटीस

मागावर बसणाऱ्या बायांपाशी किस्से फार साचतात. हात कामात, पाय कामात, तोंड तेवढं रिकामं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्यानंतरची गोष्ट. अड्याळच्या आमच्या विणकर आळीत कमलचं घर बँकेच्या जप्तीला लागलं होतं. त्या एका घराचे किस्से आम्ही अजून मान ताठ करून सांगतो.

कमल माझी शेजारीण, मोठी लाजाळू. मागच्या अंगाला पक्की खोली बांधायला नवऱ्यानं घरावर कर्ज काढलं, आणि मग तोच आजारी पडला. माग थांबला, तसे हप्तेही थांबले. एक दिवस बँकेचा माणूस समोरच्या मातीच्या भिंतीवर नोटीस डकवून गेला.

दिवाळी तोंडावर होती. नणंद येईल, पाहील, म्हणून कमलनं नोटिशीसकट भिंत पांढऱ्या मातीनं लिपून टाकली. वरून वेलबुट्टी काढली!

पुढच्या आठवड्यात तोच माणूस फोटो काढायला आला. "नोटीस कुठं गेली?"

कमल दाराआड सरकली. आळीतलीच आमची तुळसा म्हणाली, "भिंतीत आहे जी. घर नेसान तं तेबी संगंच येईन."

*

मी कमलला म्हटलं, "लिपून भेग बुजते वं, कर्ज नाई बुजत. चाल बँकेत."

"मले बोलता येत नाई, काकू."

मग आम्ही आळीतल्या साऱ्याच भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो. मॅनेजर चष्म्यावरून पाहतच राहिला. "यात कर्जदार कोण?"

"कर्जदार एक," तुळसा म्हणाली. "बाकी आमी तिचं तोंड."

तो हसला. म्हणाला, "लोक कुलूप लागल्यावर येतात. तुम्ही नोटिशीच्या मुदतीत आलात. अडचण लिहून द्या, आम्हाला उत्तर द्यावंच लागतं."

*

लिहायचं कोणी? कोर्टातल्या विधी सेवा केंद्रात बायांना वकील फुकट मिळतो असं कळलं. तुळसाचा काही विश्वास बसेना. "फुकटचा बैल शेतात बसते, बापा."

हा बैल काही बसला नाही. वकीलबाईनं अर्ज लिहून वाचून दाखवला. नवरा आजारी होता, आता सुधारत आहे, मुदत वाढवून हप्ता लहान करावा. "आणखी काही?"

तेव्हा कमल पहिल्यांदा परक्यापुढं बोलली. "माग चालू आहे म्हणून लिवा."

माग तर कधीचा बंद होता! घरी येताच लुगडं खोचून मी त्या मागावर बसले. दुसऱ्या दिवशी तुळसा बसली, मग पाळीपाळीनं सगळ्या. कमलचा शब्द आळीनं खोटा पडू दिला नाही.

*

मधेच, मी आणि तुळसा कमलच्या मागापाशी असताना, एक दलाल आला. गोड बोलणारा. "वहिनी, नुसती सही करा. घर कागदावर माझ्या नावानं, राहा तुम्हीच. पुढं परत करून देतो."

कमलचा नवरा अंथरुणातून उठून बसला. त्याला पटत होतं.

कमल म्हणाली, "असं करा भाऊजी. तुमची मोटरसायकल माझ्या नावानं करा. चालवा तुमीच."

दलाल चहा टाकून गेला. तुळसा माझ्याकडं पाहून म्हणाली, "हे कधी शिकली वं?"

*

बँकेचा साहेब घर पाहायला आला, तर त्याला आळीच्या तोंडाशीच मागाचा आवाज ऐकू आला. हप्ता लहान झाला, मुदत वाढली. नवराही पुढं मागावर बसू लागला. घर राहिलं.

*

दोन दिवाळ्या गेल्या. कारध्याहून एक अनोळखी बाई विचारत विचारत आळीत आली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. म्हणाली, "आमच्या घरावर नोटीस लागली जी. बँकेतले साहेब म्हणाले, आधी अड्याळच्या कमलबाईले भेटा."

कमल मागावरच होती. तिनं धोटा थांबवला, बाईला पाणी दिलं, शेजारी बसवलं. मग हळूच विचारलं, "लिपली तं नाई ना?"

बाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिच्या नखांत पांढरी माती होती.